ठिपके गेले, तरी उपचार थांबवू नका: माशांच्या 'व्हाइट स्पॉट'वर घरी काय करावे

माशाच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. मासा दगडाला, फिल्टरच्या नळीला अंग घासतो, पर मिटून कोपऱ्यात राहतो, खाण्याकडे बघत नाही. असं असेल तर तो बहुतेक वेळा व्हाइट स्पॉट असतो, दुकानदार ज्याला 'इक' म्हणतात. फक्त नर गोल्डफिश असेल तर घाई करू नका. विणीच्या काळात त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर ओळीने पांढरे कण येतात. तो रोग नव्हे.

हा रोग होतो इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे. त्याचं चक्र एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून पोसला जाणारा जीव. तिथे त्याला कुठलंही नेहमीचं औषध पोचत नाही. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाशी जातो, वाळूला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत शेकडो पिल्लं तयार करतो. ही पिल्लं पाण्यात सुटली की साधारण दोन दिवसांच्या आत त्यांना मासा सापडावा लागतो, नाहीतर ती मरतात. आपल्याला त्यांना मारता येतं ते याच पोहत्या अवस्थेत. म्हणजे खरी लढाई माशाच्या अंगावर नसून पाण्यात आणि वाळूत आहे. म्हणूनच ठिपकेवाला एकच मासा बादलीत काढून उपयोग नाही, उपचार अख्ख्या टाकीला हवा.

आधी पाणी मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि १००० ने भागा. ६० × ३० × ३० ची टाकी ५४ लिटरची. वाळू-दगड वजा जाता पाणी साधारण ४५ लिटर. औषधाचे अंदाजाने 'चार थेंब' टाकण्यात मासे जास्त दगावतात.

मग तापमान. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास परजीवीचं चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं, थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळतं. ३० अंशांच्या आसपास त्याची वाढ बहुधा खुंटते. हीटर लावून दिवसाला एक-दोन अंश असं चढवत ३० पर्यंत न्या. आकडा हीटरवरचा नको, वेगळ्या थर्मामीटरवर बघा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा पंप आधी घ्या, हीटर नंतर. गोल्डफिशला मात्र ३० पर्यंत ताणू नका. २७-२८ पुरे, उपचाराचे दिवस वाढवा.

सोबत मीठ. साधं खडेमीठ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे आपल्या ४५ लिटरला ९० ग्रॅम. टाकीतल्याच पाण्यात विरघळवून, तीन भाग करून दीड दिवसात घाला. कोरीडोरस, लोच असे मासे असतील तर निम्मंच. मॉली, गप्पी मीठ मजेत सोसतात, वनस्पती कुरकुरतात. मीठ उडून जात नाही, तेव्हा १२ लिटर पाणी बदललंत तर त्या १२ लिटरचंच २४ ग्रॅम पुन्हा घाला. हा हिशोब चुकून रोज पूर्ण मीठ घालणारे बरेच भेटतात.

रोज किंवा दिवसाआड सायफनने वाळू ओढत पाव टाकी पाणी काढा, कवचं त्यातूनच बाहेर जातात. माझ्या मते हे काम औषधाच्या बाटलीइतकंच मोलाचं आहे, पण ते कुणी विकत नाही म्हणून कुणी सांगतही नाही. पाण्यात हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढा. नळाचं पाणी क्लोरीन घालवून आणि टाकीच्या तापमानाला आणूनच भरा.

मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर कल्ल्यांना लागण झालीय. तिथे औषधाला उशीर नको. मॅलाकाइट ग्रीन, बहुतेकदा फॉर्मेलिनसोबत, हे या रोगाचं जुनं औषध. मात्रा बाटलीवरची. लोचसारख्या बिनखवल्यांच्या किंवा बारीक खवल्यांच्या माशांना निम्मी. फिल्टरमधला कोळसा काढा, तो औषध शोषून घेतो. दिवा बंद ठेवा, हातमोजे घाला. टाकीच्या कडेचं सिलिकॉन हिरवट होईल, त्याला इलाज नाही. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू कमी करतं, त्यामुळे औषध चालू असताना तापमान २७-२८ वरच ठेवा आणि मीठ-औषध एकत्र करू नका. तांबंयुक्त औषधाने कोळंबी, गोगलगायी मरतात. आणि खाण्यासाठी पाळलेल्या माशांना मॅलाकाइट ग्रीन कधीच नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे होतील आणि बाटली कपाटात जाईल. नेमकं तेव्हाच परजीवी वाळूत पिल्लं घालत असतो. शेवटचा ठिपका दिसल्यापासून पुढे किमान एक आठवडा उपचार चालू ठेवा, थंड पाण्यात त्याहून जास्त. खाणं या काळात थोडंच घाला. नंतर पाणी बदलत मीठ हळूहळू उतरवा, तापमानही तसंच.

जाळी, सायफनची नळी, बादली हे सगळं दुसऱ्या टाकीत नेण्याआधी खडखडीत वाळवा. नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा आणि दुकानातल्या पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासा जाळीने उचलून सोडा.