छोटे घरकर्ज आणि मोठा पाया : या चुका टाळा

मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांत भिल्ल व भिलाला आदिवासी कुटुंबांच्या घरकर्जाचे काम करण्यासाठी इंदूरहून जी मराठी मुले-मुली येतात, त्यांना मी दर हिवाळ्यात त्याच काही चुका टाळायला सांगते आणि पावसाळा उजाडेपर्यंत त्यातल्या दोन तरी कोणीतरी करून ठेवलेल्या असतात. तळमळीत कोणी कमी नसते. कमी पडतो तो फलियात, म्हणजे वस्तीवर, दोन दिवस नुसते बसून राहण्याचा धीर.

सर्वांत महाग चूक म्हणजे पायाची आखणी होताना आपण तिथे नसणे. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) मैदानी प्रदेशासाठी १.२० लाख रुपयांचे साहाय्य मिळत आले आहे, आणि घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. हा पैसा एकरकमी येत नाही. बांधकाम ठरलेल्या टप्प्यापर्यंत पोहोचले आणि त्याची छायाचित्रे चढली, म्हणजे पुढचा हप्ता खात्यात जमा होतो. आपण देतो ते पन्नास हजारांचे कर्ज या रकमेला जोड म्हणून, मुख्यतः छपरासाठी असते. पाया दुप्पट झाला तर भिंती पुढच्या टप्प्याला पोहोचत नाहीत, शासनाचा हप्ता अडकतो आणि छपरासाठी दिलेले कर्ज दगड-मुरुमात गाडले जाते.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले आहे. अलीराजपूरकडच्या एका टेकडीवरच्या घरासाठी मी कर्ज मंजूर केले आणि आखणीच्या दिवशी दुसऱ्या गावातली बैठक उरकायची म्हणून तिकडे फिरकलेच नाही. मिस्तरी शहरातला होता आणि मजुरी चौरस फुटावर घेत होता. ‘पाया एकदाच होतो, नंतर वाढवता येत नाही’ असे सांगून त्याने घरमालकाकडून चार खोल्यांचा पाया करवून घेतला. खरे तर या समाजात मुलगा लग्नानंतर बहुधा वेगळे घर थाटतो, त्यामुळे चार खोल्यांची निकड कोणालाच नव्हती. मी पोहोचले तेव्हा भिंती खिडकीच्या उंचीवर थांबल्या होत्या आणि पैसे संपले होते. त्याहून वाईट म्हणजे सागाचे खांब नव्या घरात वापरता येतील म्हणून जुन्या घराची एक बाजू उतरवून ठेवली होती. कुडाच्या उरलेल्या तीन भिंती आणि चौथ्या बाजूला निळी ताडपत्री, अशा घरात त्या कुटुंबाने तो पावसाळा काढला. कर्जाचे हप्ते मात्र थकले नाहीत, कारण नवरा-बायको दोघेही वडोदऱ्यात इमारतीच्या कामावर जाऊन ते फेडत होते. आमच्या कार्यालयातील नोंदवहीत हे खाते ‘उत्तम परतफेड’ या सदरात होते. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांनी हलमा करून, म्हणजे मजुरी न घेता एकत्र येऊन, एका कोपऱ्यातली खोली उभी केली आणि तिच्यावर जुनेच कवेलू, म्हणजे मातीची कौले, चढवले. उरलेल्या पायावर आता मका वाळत पडतो.

तेव्हापासून माझ्या पिशवीत मीटरमीटरवर गाठी मारलेली सुतळी असते. आखणी माझ्यासमोर होते आणि कर्जाचा मोठा भाग भिंती छपराला लागल्याशिवाय मी सोडत नाही. यावर नवे लोक ‘अविश्वास दाखवल्यासारखे होते’ म्हणतात. त्यांना मी तो मका दाखवायला नेते.

दुसरी चूक दर महिन्याच्या सारख्या हप्त्याची. संगणकात तोच सोपा पडतो, म्हणून तोच लादला जातो. या कुटुंबांच्या हातात पैसा येतो तो मका, सोयाबीन, कापूस निघाल्यावर, आणि नंतर गुजरातेतल्या मजुरीचा, जेव्हा माणसे होळीआधीच्या भगोरिया या बाजार-उत्सवासाठी गावी परततात. जुलै-ऑगस्टमध्ये बियाणे-खताला सगळा पैसा जाऊन घर रिकामे असते. त्या महिन्यांत हप्ता मागितला तर तो सावकाराकडून आणून दिला जातो आणि आपण वेळेवर फेड झाली म्हणून समाधान मानतो. मी अंगणात मक्याचे बारा दाणे मांडायला लावते, एक दाणा एका महिन्याचा, आणि कोणत्या दाण्यापाशी पैसा येतो ते घरातल्या बाईला विचारते. पुरुष बहुधा वर्षभराचा एकच गोळाबेरीज आकडा सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत सूक्ष्मकर्जाच्या परतफेडीचा कालक्रम कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचीक ठेवण्याची तरतूद आहे, आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत अशी मर्यादाही आहे. त्यामुळे ‘वरून परवानगी नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

स्लॅब मे महिन्यात टाकू नये. सिमेंटच्या कामाला निदान सात ते दहा दिवस सतत ओल लागते, आणि मे महिन्यात हातपंपावर प्यायच्या पाण्याचीच रांग असते. तेव्हा स्लॅबवर ओतायचे हंडे कोणाच्या डोक्यावरून येणार, हे वेगळे सांगायला नको.

जमिनीचा कागद तारण म्हणून मागू नये. ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सूक्ष्मकर्ज विनातारणच असते, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसाने पुढे जातो, पण हस्तांतरित होत नाही. कागद पाहावा तो एवढ्यासाठीच, की जमीन अजून मृत आजोबांच्या नावावर तर नाही ना. महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात, ते इकडचे नामांतरण आधी करून घ्यावे.

‘फक्त १२ टक्के’ असे म्हणणाऱ्याला ते सरळ (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) व्याज आहे की घटत्या शिलकीवर (फेडून उरलेल्या रकमेवर), हे विचारावे. ५० हजारांवर दोन वर्षांचे १२ टक्के सरळ व्याज लावून महिना २,५८३ रुपये घेतले, तर घटत्या शिलकीवर तो दर साडेएकवीस टक्क्यांवर जातो. मी हा हिशेब बैठकीत खडूने फरशीवर लिहून दाखवते, आणि बायका तो आमच्या नव्या मुलांपेक्षा लवकर समजून घेतात.

सिमेंट दिवाळीत स्वस्त मिळाले म्हणून होळीनंतरच्या कामासाठी भरून ठेवू नये. मातीच्या जमिनीवर रचलेली गोणी तोवर खालून दगड झालेली असते.