ल्योंमधल्या खाण्यापिण्याच्या पायी सफरीला निघण्याआधी

फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जुन्या वस्तीत गाइडबरोबर चालत, चाखत फिरण्याची सफर साधारण तीन ते चार तासांची असते. पाच-सहा ठिकाणी थांबणं, दोन-तीन किलोमीटर चाल आणि तीन ते पाच वाइन, एवढा मामला. त्यातलं बहुतेक जे बिघडतं ते सफरीच्या दिवशी नव्हे, बुकिंग करतानाच बिघडलेलं असतं. म्हणून तयारीत आधी ते उरका, जे आयत्या वेळी बदलता येत नाही. बूट आणि छत्री शेवटी पाहिली तरी चालतं, वार मात्र पहिला ठरवायचा.

सोमवार टाळा. पार-दिय भागातली प्रसिद्ध शेफ पॉल बोक्यूझ यांच्या नावाची मोठी मंडई, म्हणजे हाल, सोमवारी बंद असते. सोन नदीच्या काठावरचा सँ-आंत्वानचा भाजीबाजार आणि क्र्वा-रूस टेकडीवरचा बाजारही मंगळवार ते रविवार सकाळीच भरतात. शनिवार-रविवारी उलटी अडचण येते: बाजार जोरात असतात, पण जुन्या वळणाच्या बऱ्याच बुशोंना, म्हणजे ल्योंच्या खास खाणावळींना, सुट्टी असते. त्यामुळे मंगळवार ते शुक्रवार सगळ्यात बरे, आणि त्यातही सकाळी दहाच्या सुमारास निघणारी सफर घ्यावी. तेव्हा चीजवाल्याकडे बोलायला वेळ असतो आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत बुशोंमध्ये बसता येतं. फ्रान्समध्ये दुपारची स्वयंपाकघरं साधारण बारा ते दोन एवढीच चालू असतात. अडीच वाजता भूक लागली तर पाव आणि कॉफीवर भागवावं लागतं.

महिना निवडता येत असेल तर मे, जून, सप्टेंबर. ऑगस्टमध्ये मालक स्वतःच सुट्टीवर जातात आणि आठवडेच्या आठवडे दारं बंद राहतात. ८ डिसेंबरच्या आसपास दिव्यांचा उत्सव असतो, पाहण्यासारखा, पण त्या दिवसांत जुन्या गल्ल्यांतून घोळक्याने खात फिरणं अवघड आणि हॉटेलंही महाग. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी नवी बोजोले, म्हणजे ल्योंच्या उत्तरेच्या बोजोले भागातली त्या वर्षीची ताजी वाइन, बाजारात येते. गंमत म्हणून जरूर जा, मात्र त्या वाइनवरून बोजोलेची परीक्षा करू नका. ती काही आठवड्यांत तयार करून लगेच प्यायची वाइन आहे.

बुकिंग पक्कं करण्याआधी चार गोष्टी लेखी विचारून घ्या. गटात जास्तीत जास्त किती माणसं, कारण बारांच्या वर गेली की अरुंद दुकानात अर्धे लोक दाराबाहेर उभे राहतात. किती ठिकाणी बसून खायला मिळतं आणि किती ठिकाणी नुसता तुकडा हातात येतो. प्रत्येक वाइन किती सेंटिलिटर (एक सेंटिलिटर म्हणजे १० मिली) ओततात. आणि सफरीचा शेवट कुठे होतो, कारण जिथे भेटायचं तिथेच ती संपेल असं नाही.

आता मुख्य मुद्दा, काय खात नाही ते कळवणं. ल्योंचं जेवण डुकराच्या मांसावर आणि प्राण्यांच्या आतल्या अवयवांवर उभं आहे. रेशीम विणणारे कामगार, ज्यांना तिथे कान्यु म्हणतात, पहाटेपासून काम करून सकाळी नऊच्या सुमारास माशों नावाची भरभक्कम न्याहारी करायचे. त्यात थंड सॉसेज, वजडी आणि वाइन. ती चव आजच्या सफरीतही आहे. ग्रातों म्हणजे डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, ते बहुधा बसल्याबसल्या न मागता समोर येतात. रोझेत हे वाळवलेलं पोर्क सॉसेज. ताब्लिए द सापर म्हणजे गाईच्या पोटाची वजडी, पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, पावाचा चुरा लावून तळलेली. आंदुयेत हे आतड्यांचं सॉसेज, ल्योंकडे वासराचं असतं, डुकराचंही असतं. त्याचा वास ताट टेबलावर येण्याआधी येतो. वजडी आवडीने खाणाऱ्यांनीही एक आंदुयेत दोघांत मागवलेली बरी. बीफ आणि पोर्क दोन्ही खात नसाल तर तसं वेगवेगळं लिहा. मग गाइड व्हिनेगरमधली कोंबडी किंवा कोंबडीच्या काळजाचा केक यांची सोय करू शकतो.

शाकाहारी लोकांनी फक्त ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नये. त्या शब्दाने मासे आणि मांसाचा रस्सा बाद होतो हे प्रत्येक स्वयंपाक्याच्या डोक्यात असेलच असं नाही. ‘नी व्हियांद, नी प्वासों, नी लार्दों’ असं लिहा आणि तोंडीही सांगा: मांस नको, मासे नकोत, लार्दों नकोत. लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे; ल्योंच्या प्रसिद्ध सॅलडमध्ये ते पोच केलेल्या अंड्याबरोबर घालतातच आणि बऱ्याचदा त्यांची चरबीच ड्रेसिंगमध्ये जाते. म्हणून तुकडे बाजूला काढून सॅलड शाकाहारी होत नाही, ते मुळातच वेगळं करायला सांगावं लागतं. कांद्याचं सूप बहुधा मांसाच्या रश्शातलं. कनेल हा मऊ लांबट गोळा; ती दिसायला साधी असली तरी ती पाईक माशाची, आणि तिच्यावरचा नांत्युआ सॉस एक्रव्हिस या गोड्या पाण्यातल्या कवचधारी जिवाचा. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. मग उरतं काय? सेर्व्हेल द कान्यु, म्हणजे चाइव्ह (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात), शॅलट (छोटा कांदा) आणि व्हिनेगर घातलेलं ताजं मऊ चीज, पावाबरोबर फार छान लागतं. मसुरासारख्या हिरव्या डाळीचं सॅलड, बटाट्याचा ग्रातँ (ओव्हनमध्ये भाजलेले काप; वरचे ग्रातों वेगळे), सँ-मार्सलँ चीज आणि गोड पदार्थ. पण पारंपरिक फ्रेंच चीज बहुतेक रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, विरजलेलं असतं. ते चालत नसेल तर चीजचा थांबा तुमच्यासाठी जवळजवळ संपला असं समजा. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर ही सफर घेऊ नये, हे स्पष्ट सांगतो. तेवढ्या पैशात बाजारातून फळं, पाव आणि लोणी घेऊन नदीकाठी बसणं जास्त सुखाचं.

हे सगळं निदान आठवडाभर आधी कळवा. गाइडने दुकानदारांना मोजून सांगितलेलं असतं. सकाळी भेटल्यावर सांगितलंत तर तुमच्या वाट्याला नुसता पाव येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. गरोदर बाईसोबत असाल तर कच्च्या दुधाचं चीज वगळायला सांगा, लेबलावर ‘ले क्र्यु’ लिहिलेलं असतं. सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर गुलाबी प्रालीनमध्ये, म्हणजे साखरेचा रंगीत थर दिलेल्या दाण्यांमध्ये, बदाम किंवा हेझलनट असतातच.

पोहोचण्याचं गणित सोपं आहे, फक्त स्टेशनांच्या नावांत लोक फसतात. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे सुमारे दोन तासांत पोहोचते. तिकिटावर ल्यों पार-दिय किंवा ल्यों पेराश आहे ना ते पाहा. सँ-एक्झ्युपेरी लिहिलं असेल तर ते विमानतळाचं स्टेशन. तिथून ऱ्होनएक्सप्रेस ट्रामने शहरात यायला अर्धा तास आणि वेगळं तिकीट. पार-दियहून मेट्रोची बी लाइन, साक्स-गांबेतावर बदलून डी लाइन, आणि व्ह्यो ल्यों स्टेशन. बाहेर पडलात की कॅथेड्रलजवळच असता. त्याच सकाळी पॅरिसहून निघून दहाची सफर गाठण्याचा बेत मात्र करू नका. गाडी उशिरा आली तर गट पुढे निघून जातो आणि गल्ल्यांत त्याला गाठणं कठीण.

पोट रिकामं ठेवून जाऊ नका, ही चूक हमखास होते. सकाळी थोडा पाव, एखादं फळ, पाणी. रिकाम्या पोटी पहिला पेला चढतो आणि तिसऱ्या दुकानात कुणाला काही कळत नाही. रात्रीचं मोठं जेवण त्या दिवशी आरक्षित करू नका. त्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल लावू नका. शेजारच्यालाही वाइनचा वास घेता येत नाही. दात घासल्यावर निदान तासभर जाऊ द्या.

वाइनचा हिशेब घरूनच करून निघा. फ्रान्समध्ये एक प्रमाण पेला म्हणजे १२ टक्क्यांची वाइन १० सेंटिलिटर, त्यात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. पाच वेळा ६ सेंटिलिटर चाखलंत तर तीन पेले झाले. पण बुशोंमध्ये ‘पो’ येतो, जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची बाटली, आणि गप्पांत ती दोघांत संपते. तिथेच हिशेब कोसळतो. प्रत्येक थांब्यावर एक ‘काराफ दो’ मागा. नळाचं पाणी जेवणाबरोबर फुकट मिळतं. थुंकण्याचं भांडं मागण्यात काहीच गैर नाही, त्याला क्राश्वार म्हणतात. गाडी चालवायची असेल तर फ्रान्सची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम आहे, म्हणजे सफरीनंतर गाडीचा विचारच सोडा. अँटिबायोटिक, विशेषतः मेट्रोनिडाझोल, चालू असेल तर वाइनऐवजी द्राक्षाचा रस आधीच सांगून ठेवा.

काय प्याल हेही थोडं माहीत असावं. उत्तरेला बोजोले, तिथे गामे द्राक्ष. त्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा, कमी आणि आंबटपणा पुरेसा, म्हणून ती चरबीदार सॉसेजवर जिभेला मोकळं करते. किंचित गार, १२ ते १४ अंशांना प्यावी. मोर्गों, फ्लरी, मूलँ-आ-व्हाँ असे तिथले दहा क्रू, म्हणजे स्वतःच्या नावाने वाइन विकणारे मानाचे भाग. गाइडला नव्या बोजोलेऐवजी यांतली एक मागा, फरक लगेच कळतो. दक्षिणेला ऱ्होनचं खोरं, तिथे सिरा. नाशिकची शिराझ प्यायला असाल तर द्राक्ष तेच आहे. क्रोझ-एर्मिताझ शेजारी ठेवून पाहा, मिरीचा वास ओळखीचा वाटेल आणि गोडसर फळ बरंच कमी. कोंद्रियची पांढरी वाइन व्हिओन्येची, जर्दाळूच्या वासाची, महाग. सफरीत क्वचितच ओततात.

पायांत जाड सोलचे, आधी वापरलेले बूट हवेत. जुन्या ल्योंचे दगडी रस्ते पावसात निसरडे होतात आणि पातळ चपलेत तासाभराने टाचा बोलू लागतात. सफर त्राबुलांतूनही जाते, म्हणजे घरांच्या आतून एका गल्लीतून दुसरीत निघणाऱ्या बोळांतून. ५४ रू सँ-झाँपासून २७ रू द्यु बफपर्यंतचा बोळ सगळ्यात लांब. आत लोक राहतात, तेव्हा आवाज खाली ठेवा. बाबागाडी आणि व्हीलचेअरला पायऱ्या आणि उंबरे आडवे येतात. हेही बुकिंगच्या वेळीच विचारा. स्वच्छतागृह दिसलं की वापरून घ्या. बॅग लहान, छत्री घडीची, खिशात थोडी सुटी युरो नाणी. आणि दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ (नमस्कार), मग प्रश्न. ते न म्हणता चीजकडे बोट दाखवलंत तर विक्रेता थंड पडतो आणि चाखायला मिळणारा तुकडा हुकतो.

परतीचा विचार खरेदीच्या आधी करा. भारतात येताना माणशी २ लिटर दारू करमुक्त आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. सॉसेज आणि चीज तिथेच खाऊन संपवा. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतात आणायला परवाना लागतो. घरी नेण्यासारखं गोडच. हिरवे कूसँ हे बदामाच्या कणकेत चॉकलेट भरलेले तुकडे छान दिसतात, पण त्यात क्युरासाओ लिकर असते. न पिणाऱ्या आजी-आजोबांसाठी नकोत. गुलाबी प्रालीन निवडा, फक्त पाकिटावर ई-१२० हा रंग आहे का पाहून घ्या. तो किड्यांपासून काढतात, बिटाचा रंग घातलेलीही मिळते.