या चुका टाळा: सभागृह आणि मीटिंग रूममधली ऑडिओ-व्हिज्युअल यंत्रणा

नव्या सभागृहातला पहिला कार्यक्रम. मागच्या रांगांत बसलेल्यांना वक्त्याचा आवाज येतोय, पण शब्द काही कळत नाहीत. खापर लगेच स्पीकरवर फुटतं: कमी ताकदीचे घेतले, मोठे घ्यायला हवे होते. मोठे स्पीकर येतात, आवाज वाढतो आणि शब्द तरीही कळत नाहीत. अशा बहुतेक तक्रारींत वस्तू ठणठणीत असते. ती कुठल्या खोलीत, कुठल्या जागी आणि कशी जोडून बसवली, चूक तिथे असते. म्हणून शोध खोलीपासून सुरू करावा, खरेदीच्या यादीपासून नव्हे.

खोली न बघता यादी करणं

आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने विरायला जितका वेळ लागतो, तो त्या खोलीचा घुमण्याचा काळ. तो लांबला की एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं आणि बोलणं गढूळ होतं. हार्वर्डमधलं एक व्याख्यान दालन याच कारणाने वापरता येत नव्हतं. १८९५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी ते काम हाती घेतलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री दालनात आणून, ऑर्गनची नळी वाजवून ते मोजमाप करत राहिले. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण ध्वनिशोषण.

समजा सभागृह २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. घनफळ १२०० घनमीटर. गुळगुळीत भिंती, टाइल्सची फरशी, काचेच्या खिडक्या असं सगळं धरून एकूण शोषण ६० चौरस मीटर (आवाज पूर्ण गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं) निघालं, तर घुमण्याचा काळ येतो ३.२ सेकंद. भाषणासाठी अशा सभागृहात तो एका सेकंदाच्या आसपास हवा. म्हणजे शोषण तिपटीहून जास्त वाढवायला हवं, आणि ते काम जगातला कुठलाही स्पीकर करू शकत नाही. छताला आणि मागच्या भिंतीला ध्वनिशोषक पॅनेल लागतात, जाड पडदे लागतात, कापडी आसनं लागतात. आर्किटेक्टच्या नकाशात हे सगळं सुरुवातीलाच बसतं. रंगरंगोटी आटोपल्यावर मात्र जो तो नाक मुरडतो.

यंत्रं नसतील तरी एक चाचणी कुणालाही करता येते. एकाला मंचावरून एकमेकांशी संबंध नसलेले शब्द वाचायला सांगा आणि मागच्या रांगेत बसून ते लिहून काढा. सलग वाक्यं नकोत, कारण वाक्यात न ऐकू आलेला शब्दही मेंदू आपला आपण भरून काढतो. ही चाचणी रिकाम्या सभागृहातही करा आणि भरलेल्याही. माणसं आवाज शोषतात, त्यामुळे दोन्ही वेळी निकाल वेगळा येतो.

स्पीकर समोर दोन, बाकी रामभरोसे

अंतर दुप्पट झालं की स्पीकरकडून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. दोन मीटरवर बसलेल्याच्या तुलनेत सोळा मीटरवरच्या माणसाला तो १८ डेसिबल कमी मिळतो. मग मागच्यांसाठी आवाज वाढवायचा आणि पुढच्यांचे कान किटवायचे, एवढंच हातात राहतं. मंचावरच्या स्पीकरची उंची आणि कोन बदलून, नाहीतर मधल्या अंतरावर छोटे स्पीकर लावून हा फरक कमी करता येतो.

छोटे स्पीकर लावताना एक गोष्ट सर्रास विसरली जाते: डिले, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद. मंचापासून वीस मीटरवर लावलेल्या स्पीकरमधून आवाज तत्काळ निघतो, पण मंचावरचा मूळ आवाज तिथे पोहोचायला ५८ मिलिसेकंद घेतो. तिथे बसलेल्याला प्रत्येक अक्षर दोनदा ऐकू येतं. उपाय सोपा आहे. त्या स्पीकरला प्रोसेसरमधून (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रातून) ५८ मिलिसेकंदांचा डिले द्या आणि वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद घाला. आधी पोहोचलेल्या आवाजाची दिशा कान खरी धरतो, हे संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं. म्हणून मागच्या माणसालाही आवाज मंचावरून येतोय असंच वाटतं, डोक्यावरच्या डब्यातून नव्हे.

छतातले अनेक स्पीकर एकाच तारेवर जोडायच्या १०० व्होल्ट लाइनवर टॅपची, म्हणजे प्रत्येक स्पीकर किती वॉट घेईल त्या निवडीची, बेरीज करायचा कंटाळा करू नका. १५ वॉटच्या टॅपवर सोळा स्पीकर म्हणजे २४० वॉट. त्यासाठी २४० वॉटचाच ॲम्प्लिफायर घेतला तर तो कायम काठावर चालतो. किमान ३०० वॉटचा घ्या. ॲम्प्लिफायर सारखा प्रोटेक्टमध्ये जात (स्वतःला वाचवायला बंद पडत) असेल तर तो बदलण्याआधी लाइन मोजा, पण इम्पिडन्स मीटरने. साधा मल्टिमीटर ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा डीसी रोध दाखवतो आणि नसलेल्या शॉर्टच्या मागे धावायला लावतो.

आणि टांगलेल्या वस्तूच्या बाबतीत तडजोड नकोच. स्पीकर असो की प्रोजेक्टर, वजन इमारतीच्या स्लॅबला किंवा तुळईला हवं, फॉल्स सीलिंगच्या पट्टीला कधीही नाही. मुख्य कंसाबरोबर वेगळी सुरक्षा-तार हवीच. खाली माणसं बसणार आहेत.

शिट्टी आली की इक्वलायझरकडे धावणं

माइक शिट्टी मारू लागला की ऑपरेटरचा हात आधी इक्वलायझरवर, म्हणजे आवाजातल्या जाड-बारीक सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर जातो. एकेक पट्टी खाली येत शेवटी आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. क्रम उलटा हवा. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल आयते मिळतात. यापेक्षा स्वस्त उपाय नाही. मग बघा, माइक स्पीकरच्या पुढ्यात तर उभा नाही? वक्त्याने माइकची जाळी मुठीत तर धरली नाही? तशी धरली की एका दिशेचा माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो.

त्यानंतर न लागणारे माइक बंद करा. चालू माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा वाव ३ डेसिबलने कमी होतो. मंचावर एक बोलतोय आणि आठ माइक उघडे आहेत, म्हणजे ९ डेसिबल पाण्यात. परिसंवादाच्या मांडणीत यासाठीच ऑटोमिक्सर लागतो; तो बोलणाऱ्याचाच माइक आपोआप उघडा ठेवतो. एवढं करूनही एखादी कंप्रता हट्टाने वाजत राहिली, तर इक्वलायझरवर तेवढ्यापुरती अरुंद कात्री लावा.

घूं आवाज आणि अर्थिंगशी खेळ

लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून घूं असा सलग आवाज येतो. आधी चार्जर काढून बघा. आवाज गेला तर ग्राउंड लूप सापडला: लॅपटॉपची आणि ॲम्प्लिफायरची अर्थ दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जातेय आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून त्यांच्यात प्रवाह वाहतोय. यावर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा; तो आवाज जाऊ देतो, पण दोन्ही अर्थ वेगळ्या ठेवतो. कायमचा उपाय म्हणजे सगळी ऑडिओ-व्हिज्युअल उपकरणं एकाच वीज-पॅनेलवरून, एकाच अर्थवर घ्यावीत आणि लांबच्या जोडण्या बॅलन्स्ड (सिग्नलच्या दोन तारा आणि वर जाळी अशा, बाहेरचा गोंगाट खोडून काढणाऱ्या) ठेवाव्यात.

प्लगची अर्थ पिन काढली की घूं थांबतं, हे खरं आहे. पण ती पिन माणसाचा जीव वाचवायला असते. पुढे कधी उपकरणात बिघाड होऊन त्याच्या पत्र्यात वीज उतरली, तर वक्ता धातूचा माइक हातात घेऊन उभा असेल. ही युक्ती कुणीही सुचवली तरी नाही म्हणा.

घूंऐवजी दिवे मंद केल्यावर चरचर येत असेल, तर सिग्नलच्या तारा विजेच्या तारांना चिकटून गेल्या आहेत का ते बघा. दोन्ही वेगळ्या कंड्युटमधून, फूटभर अंतराने न्याव्यात. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

व्हिडिओ कॉलमधला प्रतिध्वनी चुकीच्या खोलीत शोधणं

एक नियम लिहून भिंतीवर लावावा असा आहे: ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याची खोली ठीक आहे, दोष समोरच्या खोलीत आहे. पलीकडच्या स्पीकरमधून निघालेला त्याचा आवाज पलीकडच्याच माइकमध्ये शिरतो आणि परत येतो. तक्रार करणाऱ्याच्या खोलीत तासन्‌तास खटपट करून काहीच सापडत नाही, ते यामुळे.

योग्य खोलीत गेल्यावर आधी बघा, एकाच खोलीत दोन लॅपटॉप कॉलला जोडलेले तर नाहीत? बऱ्याचदा इथेच उलगडा होतो. नसतील तर प्रोसेसरमधलं इको-कॅन्सलेशन, म्हणजे प्रतिध्वनी पुसणारी सोय उघडा. त्याला संदर्भ म्हणून फक्त पलीकडून आलेला आवाज द्यायचा असतो. त्यात खोलीतल्या माइकचा आवाजही मिसळला असेल, तर यंत्र बोलणाऱ्याचे शब्दच कापू लागतं. प्रोसेसरचं आणि सॉफ्टवेअरचं, दोन्ही इको-कॅन्सलेशन एकदम चालू असतील तरी आवाज तुटक येतो. एक बंद करा. आणि चारी बाजूंनी काचेच्या मीटिंग रूममध्ये टेबलापासून लांब छतात माइक लावून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. पुन्हा तोच खोलीचा प्रश्न आहे.

काळा पडदा, आणि पडद्यावर न वाचता येणारे आकडे

चित्र येत नसेल तर मधलं सगळं बाजूला ठेवून लॅपटॉप छोट्या केबलने थेट डिस्प्लेला जोडा. चित्र आलं की एकेक दुवा वाढवत जा. ज्या दुव्यावर चित्र जातं तो दोषी. साधी तांब्याची एचडीएमआय केबल फोर-के ६० फ्रेमसाठी पाच-सात मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. लांबवर चित्र नेणारं एचडीबेसटी हे तंत्र नेटवर्कच्याच केबलवर चालतं, पण ते नेटवर्क नाही. ती केबल नेटवर्क स्विचमध्ये खोचली की काहीच चालत नाही, आणि ही चूक बांधकाम चालू असताना फार होते. स्प्लिटर लावल्यावर सगळीकडे कमी दर्जाचं चित्र येत असेल तर ईडीआयडी, म्हणजे डिस्प्ले आपली क्षमता सांगतो ती माहिती तपासा: बहुतेकदा सगळ्यात जुना डिस्प्ले सगळ्यांची मर्यादा ठरवत असतो. मेनू दिसतो पण चित्रपट दिसत नाही, तेव्हा एचडीसीपी या नक्कल-प्रतिबंधक कुलपाकडे बघा; साखळीतलं एखादं उपकरण त्याची लागणारी आवृत्ती मानत नसतं.

आकाराचं गणित त्याहून सोपं, तरी दुर्लक्षित. मजकूर वाचायचा असेल तर सगळ्यात लांबचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा दूर नसावा. ६५ इंची टीव्हीची उंची साधारण ८१ सेंटिमीटर. म्हणजे पाच मीटरपलीकडच्यांना तक्त्यातले आकडे दिसणार नाहीत. प्रोजेक्टरचं चित्र फिकट वाटत असेल तर जास्त ल्युमेन्सचा (जास्त उजेड टाकणाऱ्या प्रोजेक्टरचा) विचार करण्याआधी पडद्यावर पडणारे दिवे बंद करा. प्रोजेक्टर काळा रंग टाकत नाही. पडद्यावर जेवढा उजेड आधीच पडलेला असतो तोच त्याचा काळा.

काम संपल्यावरची कामं

केबलच्या दोन्ही टोकांना सारखंच लेबल हवं. उपकरणांचा रॅक बंद कपाटात कोंडू नका, गरम हवेला वरून वाट द्या. वायरलेस माइकचे अँटेना धातूच्या रॅकमध्ये ठेवू नका. दांतेवर (नेटवर्कवरून आवाज नेणाऱ्या तंत्रावर) ऑडिओ जात असेल तर नेटवर्क स्विचमधली वीजबचतीची ईईई सोय बंद करा, नाहीतर मध्येच आवाज तुटेल. प्रोसेसरची सेटिंग फाइल, पासवर्ड आणि प्रत्यक्षात झालेल्या वायरिंगचा नकाशा संस्थेच्या ताब्यात असल्याशिवाय शेवटचं बिल चुकतं करू नये.

सगळ्यात जास्त राहून जाते ती आगीच्या अलार्मची जोडणी. अलार्म वाजला की सभागृहातला कार्यक्रमाचा आवाज आपोआप बंद व्हायला हवा, नाहीतर मोठ्या आवाजात सूचना कुणाला ऐकूच येणार नाही. ध्वनीवाला म्हणतो ते अलार्मवाल्याचं काम, अलार्मवाला म्हणतो ध्वनीवाल्याचं, आणि तार कुणीच ओढत नाही. दोघांना एकाच दिवशी बोलवा, संगीत पूर्ण आवाजात लावा, अलार्म वाजवायला सांगा आणि संगीत थांबलं तरच कामाच्या ताब्यावर सही करा.