बोर्डवरचा पार्ट उडालाय? दुसरा बसवण्याआधी या चुका टाळा

स्क्रूड्रायव्हर सटकतो, सर्किट बोर्डवरून खरवडत जातो आणि तिळाएवढं काहीतरी उडून जातं. मग भिंगातून पाहिलं की एक नाही, सात-आठ जागा रिकाम्या दिसतात! इथेच पहिली चूक होते. रिकामी दिसणारी प्रत्येक जागा हरवलेल्या पार्टची नसते. एकच बोर्ड अनेक मॉडेलमध्ये वापरला जातो आणि काही पार्ट कारखान्यातच बसवलेले नसतात. अशा जागी दोन्ही पॅडवरचं (पार्ट ज्यावर जोडतात त्या धातूच्या ठिपक्यांवरचं) सोल्डर गुळगुळीत आणि सारखं असतं. पार्ट तुटून गेलेल्या जागी सोल्डर खडबडीत दिसतं, त्यात खळगा असतो, कधी पॅडच उचकटलेला असतो.

उडालेला पार्ट आधी शोधा. स्पीकर असेल तर त्याच्या चुंबकाजवळ नक्की पाहा, कारण निकेलमुळे बरेच चिप कपॅसिटर तिथे चिकटून बसतात. सापडला तरी तो परत लावू नका. सिरॅमिकला पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. ओळख पटवण्यापुरताच तो वापरा.

बोर्डवर छापलेल्या अक्षरावर सगळी भिस्त ठेवणं ही दुसरी चूक. ‘आर’ म्हणजे रेझिस्टर, ‘सी’ म्हणजे कपॅसिटर, ‘क्यू’ म्हणजे ट्रान्झिस्टर, हे ठीक. पण ‘आर’च्या जागी शून्य ओहमचा नुसता जंपर असू शकतो, ‘एल’च्या (कॉइलच्या) जागी फेराइट बीड, म्हणजे नॉइज गाळणारा पार्ट. तीन पायांचा चिमुकला काळा पार्ट ट्रान्झिस्टर, मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) किंवा जोड-डायोड (एकात दोन डायोड), काहीही निघतो.

सगळ्यात महाग पडते ती किंमत आधी आणि काम नंतर शोधण्याची चूक. बॅटरी काढा, कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि मल्टीमीटरच्या कन्टिन्युइटीवर (जोड आहे की नाही ते सांगणाऱ्या सेटिंगवर) दोन्ही पॅड कुठे जातात ते पाहा. एक ग्राउंडला आणि दुसरा आयसीच्या (चिपच्या) सप्लाय पिनला जात असेल, तर तो बहुधा बायपास कपॅसिटर, म्हणजे सप्लाय स्थिर ठेवणारा, बऱ्याचदा १०० नॅनोफॅरडचा. इथे थोडं उन्नीस-बीस चालतं. सप्लायच्या वाटेतच दोन्ही पॅड असतील, तर फ्यूज, बीड, कॉइल किंवा करंट मोजणारा रेझिस्टर. फ्यूजच्या जागी तार जोडून ‘चालू झालं’ म्हणू नका.

रेग्युलेटरच्या (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या चिपच्या) फीडबॅक पिनजवळ, जिथे दोन रेझिस्टर आउटपुट ठरवतात, मात्र अंदाज अजिबात नको. समजा त्याचा संदर्भ व्होल्टेज ०.६ व्होल्ट आहे, वरचा रेझिस्टर २० किलोओहम आणि खालचा १०. आउटपुट १.८ व्होल्ट येतं. खाली १० ऐवजी ४.७ किलोओहम लावला, तर तेच ३.१५ व्होल्टच्या आसपास जातं आणि पुढची चिप कायमची संपते. अशा वेळी त्या आयसीची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा, सूत्र तिथेच असतं.

तशाच दुसऱ्या चांगल्या बोर्डवर मोजून किंमत घ्यायची असेल, तर सर्किटमध्ये घेतलेल्या रीडिंगवर विसंबू नका. समांतर वाटांमुळे रेझिस्टर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्यापेक्षा अंगावरचा कोड वाचा: १०३ म्हणजे १० किलोओहम, ४आर७ म्हणजे ४.७ ओहम. चिप कपॅसिटरवर सहसा काहीच छापलेलं नसतं, तो सुटा करूनच मोजावा लागतो. आणि दोन्ही बोर्डांचा रिव्हिजन (आवृत्ती) नंबर जुळतोय ना, तेही पाहा. दुसरा बोर्ड नसेल तर त्याच बोर्डवर जुळा भाऊ शोधा: डाव्या-उजव्या चॅनेलची सर्किटं बहुधा सारखीच असतात.

मागवताना साइझ नीट वाचा. इंचातला ०६०३ म्हणजे १.६ × ०.८ मिलिमीटर, मेट्रिकमधला ०६०३ म्हणजे ०.६ × ०.३.

एकदा मी अख्खी संध्याकाळ एका कपॅसिटरची किंमत शोधण्यात घालवली. नवा लावला, तरी बोर्ड ढिम्म. कपॅसिटरच्या शेजारून गेलेला केसाएवढा ट्रेस (बोर्डवरची तांब्याची रेघ) त्याच ओरखड्यात कापला गेला होता.