जयपूरला मैत्रिणींसोबत दोन दिवस: आधी बघा, मग घ्या

जयपूरला ग्रुपने जाणाऱ्यांचं बहुतेक वेळा असंच होतं, आमेर, हवामहल, सिटी पॅलेस, जंतरमंतर सगळं धावत पळत उरकतात आणि खरेदी ठेवतात शेवटच्या संध्याकाळी, गाडी नऊची आणि बाजारात पाय ठेवला साडेसहाला, मग जे हाताला लागेल ते उचलायचं, भाव करायलाही वेळ नाही, आणि घरी येऊन पिशवी उघडली की कळतं ही चादर तर इथेच कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेली असते. पहिल्या वेळी आमचंही तसंच झालं होतं. मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच मैत्रिणी परत गेलो तेव्हा क्रम बदलला, आणि इतका फरक पडला की जो कोणी जयपूरला निघालाय त्याला मी हेच सांगते. पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. त्या दिवशी फक्त बघा, किल्ले तर बघाच पण वस्तू बनताना पण बघा, हातात घ्या, उलटून बघा, किंमत विचारा आणि पुढे चला. खरेदी दुसऱ्या दिवशी.

जायचं कधी तर ऑक्टोबर ते मार्च, उन्हाळ्यात दुपारी बाजार फिरणं अशक्य होतं. वार बघून तिकीट काढा, कारण रविवारी जुन्या शहरातली, म्हणजे तिथले लोक ज्याला परकोटा म्हणतात तिथली, बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे खरेदीचा दिवस रविवारी येऊ देऊ नका. राहायला स्टेशनजवळ किंवा मेट्रोच्या लाईनवर बघा. मेट्रो रेल्वे स्टेशन, सिंधी कॅम्प बसस्टँड करत थेट बडी चौपडला जाते, २०२० पासून, आणि बडी चौपडला वर आलात की हवामहल समोर दोन मिनिटांवर. परकोट्यातल्या ट्रॅफिकमध्ये ऑटोत अडकून बसण्यापेक्षा हे हजारपट बरं.

पैशांचं आधीच ठरवून टाका. आम्ही निघतानाच प्रत्येकीने सारखी कॉन्ट्री काढली आणि एकीच्या अकाउंटला टाकली, ऑटो, तिकिटं, चहा, कचोरी, जेवण सगळं त्यातून, संपली की परत सारखी कॉन्ट्री. खरेदी मात्र ज्याची त्याने. यामुळे "तू दीडशे दिलेस, मी ऐंशी दिले" हा हिशोब दोन दिवसांत एकदाही झाला नाही. थोडी रोख जवळ ठेवा, यूपीआय सगळीकडे चालतं पण छोट्या कारागिराकडे कधी नेटवर्क नसतं.

पहिला दिवस आमेरच्या किल्ल्यापासून सुरू करा आणि सकाळी आठला दार उघडतं तेव्हाच पोचा, शहरापासून ११ किलोमीटर आहे. दहानंतर इतकी गर्दी होते की शीशमहालासमोर उभं राहायला जागा मिळत नाही. वर जायला हत्ती घेऊ नका, त्या मुक्या जनावराला उन्हात चढावर माणसं वाहायला लावून आपल्याला मिळतं काय, पायी पंधरा वीस मिनिटांचा चढ आहे आणि गुडघे दुखत असतील तर जीप आहे. एक गोष्ट मराठी माणसाने तिथे आठवणीने बघावी. हा शीशमहाल ज्याच्या काळात उभा राहिला तो मिर्झाराजे जयसिंग म्हणजे आपल्या पुरंदरच्या तहातलाच, १६६५ चा, आणि आग्र्याला महाराज ज्याच्या देखरेखीखाली होते तो रामसिंग त्याचा मुलगा. शाळेत चौथीत ऐकलेली नावं आणि आपण त्यांच्या घराच्या अंगणात उभे, मला तर काटाच आला अंगावर. जयपूर शहर वसवणारा सवाई जयसिंग हा नंतरचा, १७२७ मधला, दोघांत गोंधळ करू नका.

आमेरहून उतरलात की लगेच ऑटोत बसू नका. खाली गावात पन्ना मीना का कुंड आहे, आडव्या तिडव्या पायऱ्यांची बारव, बघायला पंधरा मिनिटं पुरतात. आणि त्याच गावात एका जुन्या हवेलीत अनोखी या कपड्यांच्या ब्रँडचं हाताच्या छपाईचं म्युझियम आहे (सोमवारी बंद असतं), ते अजिबात चुकवू नका, माझ्या मते सगळ्या खरेदीची शाळा तिथेच होते. तिथे कारागीर समोर बसून ठसा मारून दाखवतात. लाकडी ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, मुठीने एक ठोका, उचलायचा, पुढचा. एका डिझाईनला जितके रंग तितके वेगळे ठसे, आणि ठशाच्या कोपऱ्यावर बारीक टिंब असतं ते आधीच्या टिंबावर बसवून पुढचा ठसा जुळवतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना की बाजारात तुम्हाला कोणी फसवू शकत नाही. कापड हातात घेऊन ते टिंब शोधा, दोन ठसे जिथे जुळतात तिथे केसाएवढा फरक दिसतो का बघा, रंग मागच्या बाजूला उतरलाय का बघा. स्क्रीन प्रिंट किंवा मशीनचं असेल तर सगळी फुलं हुबेहूब सारखी आणि बऱ्याचदा पाठ फिकट. स्क्रीन प्रिंटही वाईट नसतं, रोज वापरायला स्वस्त पडतं, फक्त त्याला हातछपाईची किंमत देऊ नका.

छपाईची दोन नावं लक्षात ठेवा, सांगानेरी आणि बगरू. सांगानेरी म्हणजे पांढऱ्या किंवा हलक्या कापडावर नाजूक फुलं वेली, बगरू म्हणजे मातकट, काळा लाल निळा, आणि त्यातलं दाबू म्हणजे चिखलाचा लेप लावून ती जागा रंगापासून वाचवायची पद्धत. दोन्हींना जीआय टॅग, म्हणजे त्या त्या गावाच्या नावाची सरकारी ओळख आहे.

येताना तलावातल्या जलमहालासमोर गाडी थांबवा, काठावरून बघा, फोटो काढा आणि निघा.

दुपारी जंतरमंतर, आणि हे मुद्दाम दुपारी, कारण तिथली ग्रहतारे आणि वेळ मोजायची बहुतेक यंत्रं सावलीवर चालतात, ढगाळ दिवशी गेलात तर नुसती बांधकामं दिसतील. सम्राट यंत्र म्हणजे भलंमोठं सूर्यघड्याळ, २७ मीटर उंच आहे, त्याची सावली सेकंदाला एक मिलीमीटर सरकते म्हणजे मिनिटाला चार बोटांएवढी. आम्ही पाचही जणी सावलीच्या कडेला बोटं ठेवून उभ्या राहिलो आणि एका मिनिटात सगळ्यांची बोटं सावलीखाली गेली. पृथ्वी फिरते हे इतक्या जवळून मी कधीच बघितलं नव्हतं. तिथली वेळ तुमच्या घड्याळाशी जुळणार नाही, साधारण अर्धा तास मागे असते कारण ती जयपूरची स्थानिक वेळ आहे, दुरुस्तीचा आकडा तारखेप्रमाणे बदलतो. इथे गाईड घ्याच, बाकी कुठे नाही घेतला तरी चालेल.

शेजारीच सिटी पॅलेस. त्याचं तिकीट वेगळं असतं, आमेर, हवामहल, जंतरमंतर वगैरे सरकारी जागांचं दोन दिवसांचं एकत्र तिकीट मिळतं त्यात तो येत नाही. आत दोन चांदीचे भलेमोठे रांजण आहेत, गंगाजली, प्रत्येकी ३४५ किलोचे, १९०२ मध्ये माधोसिंग महाराज विलायतेला गेले तेव्हा गंगेचं पाणी न्यायला हे बरोबर होते.

संध्याकाळी बाजारात जा पण पाकीट बाहेर काढू नका, फक्त चक्कर, लाखेच्या बांगड्या तेवढा अपवाद. त्रिपोलिया बाजारातून आत वळलं की मनिहारोंका रास्ता, लाखेच्या बांगड्यांची गल्ली. आमच्या ट्रिपचा सगळ्यात सुंदर तासभर तिथे गेला. दुकानाच्या उंबऱ्याशी एक बाई बसलेली, पुढ्यात निखाऱ्यांची छोटी शेगडी, एका जाड काठीच्या टोकाला लाखेचा गोळा. तो निखाऱ्यावर फिरवत ऊब द्यायची, मऊ झाला की वरून रंगीत लाखेची कांडी घासायची, तूप लावल्यासारखा रंग चढतो, मग लाकडाच्या चपट्या फळीने लाटत लाटत त्याची दोरी ओढायची, कापायची, टोकं जोडून गोल, आणि निमुळत्या दांड्यावर चढवून माप. गरम आहे तोवरच खडे दाबून बसवायचे. माझ्या मैत्रिणीचा हात धरून ती म्हणाली, हात ढीला छोड़ो, आणि बांगडी अजून कोमट असतानाच मनगटात सरकवली, तिथल्या तिथे मापाची. तयार पॅकेटातल्या बांगड्यांपेक्षा थोडं जास्त पडतं पण हे करूनच घ्या. लाख उष्णतेने मऊ होते, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत बांगड्या ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवामहल. त्याचं तोंड पूर्वेला, त्यामुळे समोरून फोटो सकाळीच चांगला येतो, दुपारनंतर सगळं सावलीत. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंगांनी बांधला, ९५३ झरोके, आणि आत जायचं दार समोरून नाहीच, मागच्या बाजूने आहे, लोक समोर शोधत बसतात. रस्त्यावरून फोटो काढून परत जाऊ नका, आत जा, झरोक्याशी उभं राहा, बाहेर ऊन असलं तरी आत वारा खेळतो.

आणि मग खरेदी. पाच जणींनी एका दुकानात शिरायचं नाही हा आमचा नियम. एकीला साडी, एकीला मोजडी, एकीला काहीच नको, चौघी कंटाळून फोन बघत उभ्या, शेवटी कोणीच मनासारखं घेत नाही. दोघी दोघी किंवा तिघी वाटून घ्या, आवडी जुळतील तशा, आणि दोन तासांनी ठरलेल्या चहाच्या टपरीवर भेटा. बापू बाजार कपडे आणि मोजड्यांसाठी, जोहरी बाजार दागिने आणि तिथेच आत रजया, त्रिपोलिया पितळी भांडी. दुकानं अकराच्या आसपास उघडतात, पहिलं गिऱ्हाईक तुम्ही असाल तर भवानीच्या वेळी दुकानदार सहसा मोडता घालत नाही, भाव तेव्हाच करा. भाव करताना भांडू नका. आदल्या दिवशी तीन ठिकाणी विचारलेला दर तुम्हाला माहीतच असतो, तो सांगा, दोन तीन वस्तू एकत्र घ्या, नाही जमलं तर हसून निघा. पण जिथे कारागीर स्वतः बसलाय, तिथे घासाघीस करू नका हो, दहा वीस रुपयांनी आपलं काही अडत नाही.

मोजडी संध्याकाळी घाला बघायला, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. चामडं वापरात सैल होतं म्हणून घट्ट बसणारीच घ्या, पण टोचणारी नाही. ब्लू पॉटरी घेताना एक माहीत असू द्या, ती कुंभाराच्या नेहमीच्या मातीची नसतेच, क्वार्ट्‌झची पूड, काच, मुलतानी माती, डिंक यांची असते, त्यामुळे दिसायला दणकट पण जाते पटकन. निळा रंग कोबाल्टचा, हिरवट निळा तांब्याचा. घेताना प्रत्येक नग उजेडात फिरवून बघा, केसासारखी चीर असेल तर बोट फिरवल्यावर लागते. खडे, माणिक, पन्ना यात महाग काही घेणार असाल तर लॅबचं सर्टिफिकेट असल्याशिवाय नको, आणि चांदीवर ९२५ चा शिक्का बघा, पक्कं बिल मागा. सोन्यावर हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा अक्षरं आणि आकडे मिळून सहा खुणांचा नंबर, हवाच.

ऑटोवाला "फॅक्टरीत घेऊन जातो, होलसेल रेट आहे" म्हणाला तर गोड बोलून नाही म्हणा. आम्ही पहिल्या ट्रिपला गेलो होतो अशा एका ठिकाणी, चहा पाजला, दहा मिनिटं छपाई दाखवली आणि मग वरच्या मजल्यावर जी रजई दाखवली तीच बापू बाजारात जवळजवळ निम्म्या भावात होती. त्यात ऑटोवाल्याचं कमिशन असतं, ते शेवटी आपल्याच बिलात येतं.

रजई मात्र घ्या. जयपुरी रजईचा कापूस इतका बारीक पिंजलेला असतो की वजनाला हलकी आणि ऊब पुरेपूर. दुकानदार ती दाबून छोट्या पिशवीत भरून देतात. आमची ब्लू पॉटरीची चार भांडी आम्ही त्या रजईच्या घडीतच गुंडाळून आणली, आधी प्रत्येक भांडं वर्तमानपत्रात, मग कपड्यात, मग रजईत, आणि ट्रेनमध्ये बर्थखाली न ठेवता उशाशी. चारही शाबूत पोचली.

वस्तू कोणासाठी घेतली ते तिथेच चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका, घरी आल्यावर आईची ओढणी आणि मावशीची ओढणी यात रात्र जाते. आणि हाताने छापलेलं कापड पहिल्यांदा धुताना एकटं, थंड पाण्यात मूठभर मीठ घालून, न पिळता, सावलीत वाळवा. पहिल्या पाण्यात थोडा रंग जातो, त्याने घाबरू नका, तिसऱ्या धुण्यानंतर तेच कापड अंगाला खरं मऊ लागायला लागतं.