घरातल्या सायकलवर किती कॅलरी खर्च झाल्या?

सायकलच्या पडद्यावरचा कॅलरींचा आकडा तुमचे वजन न विचारताच उमटत असेल, तर त्यावर फारसे विसंबू नये. वॅट दिसत असतील, तर सरासरी वॅटला एकूण सेकंदांनी गुणून १००० ने भागावे. १५० वॅटने ४० मिनिटे पायडल मारल्यास ३६० किलोज्यूल काम होते. एका किलोकॅलरीत (रोजच्या बोलण्यातली ‘कॅलरी’ म्हणजे हीच) सुमारे ४.२ किलोज्यूल असतात खरे, परंतु शरीर खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्साच पायडलपर्यंत पोहोचवते आणि उरलेल्या उष्णतेने बनियन भिजते, म्हणून तो ३६० चा आकडाच ढोबळमानाने किलोकॅलरी समजावा. वॅट दिसत नसल्यास मध्यम जोरासाठी किलोमागे ताशी ७ किलोकॅलरी धराव्यात. ६० किलोच्या व्यक्तीच्या ४० मिनिटांना २८० होतात.