कॅरो-कानमधला अडकलेला उंट

बुद्धिबळात काळ्याकडून कॅरो-कान ही ओपनिंग (डावाची ठरलेली सुरुवात) मी बरीच वर्षं खेळतोय. पण अ‍ॅडव्हान्समध्ये, म्हणजे पांढरा तिसऱ्या चालीत ई-प्यादं ई५वर ढकलतो त्या फांदीत, ४. एच४ आलं की हमखास मार खायचो: १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ उंट एफ५ ४. एच४, आणि मी सवयीने ई६. झालं! ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५, आणि उंटाला घरच उरत नाही. एका प्याद्यावर उंट गेला. ४. एच४ हीच ती ताल व्हेरिएशन. १९६१च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत मिखाईल तालने ती मिखाईल बोटविनिकविरुद्ध खेळली होती.

आधी वाटलं, ओपनिंगच बदलावं. मग हरलेले डाव काढून बघितले, तर बाकी फांद्या ठीक होत्या. दुखणं फक्त चौथ्या चालीत.

आता ४...एच५ (चौथ्या चालीला काळ्याचं उत्तर) खेळतो. जी४ची धार तिथेच बोथट होते. ५. उंट जी५ आला तर वजीर बी६, ६. उंट डी३ला उंटांची मारामारी, मग ई६ आणि वजीर ए६. बऱ्याचदा वजीरही जातात आणि डाव निवांत होतो. फुकट काही नाही म्हणा: एच-प्यादं पुढे गेल्यामुळे जी५वरच्या उंटाला एच६ने हुसकता येत नाही. तो तिथे ठाण मांडतो. मला चालतं.

पाठ केलं फक्त आठव्या चालीपर्यंत, बाकी ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, घोटलं. तरी पहिल्याच आठवड्यात हात दोनदा ई६वर गेलाच. त्यातला एक डाव समोरच्याला जी४ दिसलं नाही म्हणून वाचला.